दहा ते दोनचा सैतान

परमेश्वरानं स्वभावाचं वाटप केलं त्या दिवशी सहनशीलतेच्या खिडकीपुढे फार मोठी रांग असावी आणि ती पाहून मी तसाच घरी परत आलो असावा. माझ्या स्वभावाचं दुसरं काही कारण मला दिसत नाही. चहाला उकळी येईपर्यंत ओट्याशी उभं राहणं मला जमत नाही. लिफ्टचं बटण एकदा दाबलं की लिफ्ट येते हे मला बुद्धीला पटतं, पण बोटाला पटत नाही. आमच्या सौ.चं म्हणणं असं, की लग्नात अंतरपाट धरला होता तोसुद्धा मी भटजींच्या आधीच खाली ओढला. हे साफ खोटं आहे. मी फक्त वरून डोकावलो होतो.

आणि असा हा माणूस गेली बावीस वर्षं दुसऱ्यांना 'जरा धीर धरा' असं सांगण्याचा पगार घेतो. मी बँकेत कारकून आहे.

माझी शाखा कळमेश्वरला आहे आणि बिऱ्हाड नागपुरात. म्हणजे आमच्याकडे ज्याला 'अपडाऊन' म्हणतात तो योग माझ्या कुंडलीत आहे. कळमेश्वर हे नागपूरच्या पश्चिमेचं तालुक्याचं गाव. आजूबाजूला संत्र्याच्या बागा, कापसाची शेतं, एका अंगाला एमआयडीसीचे कारखाने, आणि गावाला लागून नागपूरहून इटारसीमार्गे दिल्लीकडे जाणारी मोठी रेल्वेलाईन. या लाईनीवरून दिवसभर एकाहून एक नामांकित गाड्या धावतात. त्या कळमेश्वरकडे पाहतात, पण ओळख देत नाहीत. मोठ्या पदावर गेलेला वर्गमित्र लग्नात भेटावा, तशातला प्रकार. आपल्यासाठी थांबते ती पॅसेंजर. पण तिलाही बिचारीला स्वतःची मर्जी नसते. मागून कुठली तरी सुपरफास्ट येत असली की हिला बाजूच्या रुळावर उभं करतात. अशा गाडीची वाट पाहत संध्याकाळी फलाटावर बसणं हा माझ्या नोकरीचाच एक भाग आहे. त्याचा ओव्हरटाइम मात्र मिळत नाही.

या फलाटावरच मला मास्तर भेटले.

मास्तर म्हणजे निवृत्त शाळामास्तर, धर्मानं ख्रिस्ती, राहणार नागपूर सदर. लेकीकडे म्हणून आठवड्यातून दोनतीनदा कळमेश्वरला यायचे. मी बाकावर बसायचो, उठायचो, फलाटाच्या टोकाशी जाऊन सिग्नल पाहायचो (जणू माझ्या पाहण्यानं तो पडणार होता), परत येऊन घड्याळ पाहायचो. मास्तर मात्र बाकाच्या दुसऱ्या टोकाला हात मांडीवर ठेवून, डोळे अर्धवट मिटून बसलेले. एकदा गाडी पन्नास मिनिटं लेट असताना मला राहवलं नाही.

"मास्तर, झोपले का?"

"नाही."

"मग काय करून राहिले?"

"प्रार्थना," मास्तर म्हणाले.

"गाडी लवकर यावी म्हणून?"

मास्तर हसले. म्हणाले, "गाडीसाठी असती तर मी पण सिग्नल पाहायला आलो असतो तुमच्यासोबत."

मग कळलं ते असं. ख्रिस्ती मंडळींत प्रार्थनेचा एक प्रकार असा आहे, की तिच्यात काही मागायचं नसतं आणि फारसं बोलायचंही नसतं. देवासमोर नुसतं बसायचं. मन पळालं की त्याला परत आणायचं. पुन्हा पळालं की पुन्हा आणायचं. एवढंच. मी म्हटलं, हे तर फारच सोपं आहे. मास्तर म्हणाले, "बसून पाहा की."

या विषयातले मास्तरांचे गुरू म्हणजे संत फ्रान्सिस डी सेल्स. हे नाव ऐकून मला काहीच बोध झाला नाही. पण मास्तरांनी 'एसएफएस' म्हटल्याबरोबर मी ताडकन उठलोच. एसएफएस कोणाला माहीत नाही? नागपुरात एसएफएस कॉलेज आहे, एसएफएस शाळा आहे, सदरमधलं मोठं कॅथेड्रल एसएफएस आहे. जन्मभर मी ही अक्षरं ऐकत आलो, पण ती एका माणसाची आद्याक्षरं आहेत असं कधी मनात आलं नाही. एखाद्या रजिस्टर्ड सोसायटीचं नाव असावं, अशी माझी कॉमर्सची समजूत. सेमिनरी हिल्सवर रोज फिरायला जाणाऱ्या आम्हा नागपूरकरांना ती सेमिनरी कशाची हे तरी कुठे ठाऊक असतं? (धर्मगुरू तयार करण्याची आहे. मलाही मास्तरांनीच सांगितलं.)

हे फ्रान्सिस १५६७ साली जन्मले. फ्रान्स आणि स्वित्झर्लंड यांच्या मधल्या सव्हॉय प्रांतातले. १६०२ साली जिनिव्हाचे बिशप झाले, पण खुद्द जिनिव्हात त्यांना बसायची सोय नव्हती, कारण शहर विरुद्ध पंथाचं. म्हणून मुक्काम ॲनसी नावाच्या गावी. म्हणजे हेही एका अर्थी अपडाऊनवालेच. त्याआधी १५९४ पासून चार वर्षं ते शाब्ले नावाच्या भागात उपदेश करत हिंडले. लोक ऐकायला येईनात, दारं लावून घेऊ लागले, तेव्हा हे गृहस्थ आपलं म्हणणं कागदावर लिहून ते कागद दारांखालून आत सरकवू लागले. या उद्योगामुळे पुढे १९२३ साली पोपनं त्यांना लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केलं. ज्याचं साहित्य दाराखालून सरकवावं लागलं तो लेखकांचा संत! संपादकांकडून साभार परत येणारे लेख आजवर मी निमूटपणे कपाटात ठेवत आलो. आता त्यांच्याकडे मी वेगळ्या नजरेनं पाहतो.

त्यांच्या नावानं स्थापन झालेल्या ॲनसीच्याच मिशनऱ्यांनी पुढे ते नाव आमच्या नागपूरपर्यंत आणलं. नागपूरचा धर्मप्रांत झाला तो १८८७ साली.

फ्रान्सिसनी १६०९ साली भक्तीच्या जीवनाची ओळख करून देणारं एक पुस्तक काढलं, आणि ते मठातल्या साधूंसाठी न काढता संसारातल्या माणसांसाठी काढलं. ज्यांना घर आहे, नोकरी आहे, नातेवाईक आहेत, अशांसाठी. त्यातलं सहनशीलतेचं प्रकरण मास्तरांनी मला तोंडी समजावून दिलं तेव्हा मी चपापलो. फ्रान्सिस म्हणतात त्याचा भावार्थ असा, की पुष्कळांची संकट सोसायची तयारी असते, पण त्याबरोबर येणारी गैरसोय नको असते. आजारपण चालेल, पण घरच्यांना आपला त्रास नको. गरिबी चालेल, पण चारचौघांत मान खाली जायला नको. थोडक्यात, संकट आपण निवडलेल्या मापाचं शिवून मिळावं. आणि दुसरं असं, की माशीपेक्षा मधमाशीचा डंख जास्त झोंबतो, तसा वाईट माणसांपेक्षा चांगल्या माणसांनी दिलेला त्रास सोसायला कठीण. हे वाक्य मी घरी जाऊन सौ.ला सांगितलं. तिनं विचारलं, "यात मधमाशी कोण?" मी विषय बदलला.

पण माझी खरी विकेट घेतली ती फ्रान्सिसनी नव्हे. ती घेतली त्यांच्याही बाराशे वर्षं आधीच्या एका संन्याशानं. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एकेका झोपडीत एकेकटे राहणारे ख्रिस्ती तपस्वी होते. त्यांच्यातला एक इव्हॅग्रिअस. हा ३९९ साली वारला. यानं मनाला छळणाऱ्या वृत्तींची यादी केली आणि त्यातली सगळ्यांत त्रासदायक कोणती, तर 'मध्यान्हीचा सैतान'. हा सैतान येऊन काय करतो? भल्या तपस्व्याला कंटाळा आणतो. त्याला वाटतं सूर्य जागचा हलतच नाही, दिवस पन्नास तासांचा झालाय. तो सारखा खिडकीकडे पाहतो. झोपडीबाहेर येऊन जेवायला किती वेळ आहे याचा सूर्यावरून अंदाज घेतो. कोणी येतंय का बघतो. मग त्याला ती जागा नकोशी होते, काम नकोसं होतं. दुसरीकडे कुठे तरी यापेक्षा बरं चाललं असेल असं वाटू लागतं.

"आणि हा सैतान येतो कधी, सांगू?" मास्तर म्हणाले. "त्यांच्या हिशेबानं दिवसाच्या चौथ्या प्रहराला... म्हणजे चौथ्या तासाला येतो आणि आठव्या तासापर्यंत राहतो. सूर्योदयापासून मोजायचं. आपल्या घड्याळात किती झाले?"

मी बोटं मोजली. सकाळी दहा ते दुपारी दोन.

वाचकहो, जुन्या काळी बँकेचा काउंटर साधारण दहाला उघडे आणि दोनला बंद होई. सोळाशे वर्षांपूर्वी इजिप्तच्या वाळवंटात बसून एका संन्याशानं माझ्या नोकरीचं इतकं तंतोतंत वर्णन करावं? जागा नकोशी, काम नकोसं, खिडकीकडे नजर, जेवणाच्या सुट्टीचा हिशेब, आणि बदलीचा अर्ज मनात तयार! आता काउंटरची वेळ वाढली आहे, पण सैतानानं काही जादा भत्ता मागितल्याचं ऐकिवात नाही.

"मग त्यावर उपाय?" मी विचारलं.

"पळायचं नाही. त्याच जागी बसून राहायचं. त्यांच्या ग्रीक भाषेत सहनशीलतेला जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थच 'खाली राहणं' असा आहे. ओझ्याखालून अंग काढून न घेणं."

दुसऱ्या दिवशी मी प्रयोग सुरू केला. फलाटावर फक्त दहा मिनिटं, मास्तरांसारखं. डोळे मिटले. पहिल्या मिनिटाला सिलिंडर संपल्याची आठवण झाली. दुसऱ्या मिनिटाला मुलाच्या क्लासची फी. तिसऱ्याला दुपारी साहेब जे बोलले त्याला मी द्यायला हवं होतं ते चोख उत्तर सापडलं. चौथं आणि पाचवं मिनिट ते उत्तर सुधारण्यात गेलं. सहाव्याला डासानं चावा घेतला. सातव्या मिनिटाला मला मोठी शांती लाभली. आठव्या मिनिटाला मास्तरांनी मला हलवून उठवलं, कारण मी घोरत होतो.

"मास्तर, हा आपला प्रांत नव्हे," मी शरमून म्हणालो. "दहा मिनिटांत दहा वेळा मन पळालं."

"मग दहा वेळा परत आणायची संधी मिळाली. तासभर बसून नुसतं तेवढंच केलं, तरी तो तास फुकट गेला नाही, असं फ्रान्सिस सांगतात. फक्त परत आणताना कान धरून नाही आणायचं. हात धरून आणायचं."

इथवर सगळं ठीक होतं. पण मी पडलो कॉमर्सचा. एखादी योजना फार चांगली वाटू लागली की बारीक टाइपातल्या अटी वाचायची सवय. मी मास्तरांना स्पष्टच विचारलं, "मास्तर, राग मानू नका. पण ही सहनशीलता म्हणजे गरिबाला गप्प बसवायची युक्ती नाही का? ज्याच्या हातात शिक्का असतो तो सांगतो धीर धरा, आणि ज्याच्या हातात नुसती पावती असते तो धरतो. मी बावीस वर्षं काउंटरच्या आतून पाहिलंय. बाहेरच्यांकडे सहनशीलता इतकी असते, की आतल्यांना तिची गरजच पडत नाही."

मला वाटलं होतं मास्तर अडचणीत येतील. ते शांतपणे म्हणाले, "सहनशीलता मागायची ती स्वतःजवळ. दुसऱ्याजवळ मागितली की तिचं नाव बदलते."

"काय होते?"

"दिरंगाई."

मग त्यांनी रेव्हरंड टिळकांची गोष्ट काढली. ना. वा. टिळक हे काही काळ आमच्या नागपूरचे, आप्पासाहेब बुटींच्या पदरी. १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांची एका मिशनऱ्याशी गाठ पडली. (आगगाडीत काय काय होऊ शकतं पाहा!) १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरावर आकाश कोसळलं. बायको लक्ष्मीबाई, वळण सोवळ्याओवळ्याचं. काही वर्षं दोघांची ताटातूट झाली. पुढे त्या नवऱ्याकडे आल्या तरी आपलं सोवळं सांभाळूनच राहिल्या. १९३४ पासून प्रसिद्ध झालेली त्यांची 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या कोणालाही टिळकांचा स्वभाव ठाऊक आहे. मनात आलं की उठायचं, चालू लागायचं, खिशातलं देऊन टाकायचं. असा हा घाईचा माणूस. पण बायकोचं मन तिच्या पायांनी चालत येईपर्यंत थांबला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला तो १९०० साली. पाच वर्षं.

"आता यात सहनशील कोण, टिळक का लक्ष्मीबाई?" मी विचारलं.

"दोघं," मास्तर म्हणाले. "पण लक्ष्मीबाईंना परिस्थितीनं शिकवली. टिळकांना स्वतःहून शिकावी लागली. तुमचं-माझं कठीण प्रकरण ते दुसरं."

हे बोलणं माझ्या मनात राहिलं असतं आणि विरूनही गेलं असतं. पण त्याच आठवड्यात आजी आली.

आजी म्हणजे जवळच्या एका खेड्यातली म्हातारी. निराधार योजनेचे पैसे आमच्या शाखेत जमा होतात. तिचं खातं केवायसीपायी अडकलेलं आणि यंत्र तिचा अंगठा घेत नव्हतं. पहिल्यांदा आली तेव्हा मी म्हटलं, "आजी, उद्या या." दुसऱ्यांदा म्हटलं, "लिंक नाही, सोमवारी या." तिसऱ्यांदा म्हटलं, "जरा धीर धरा." हे तिसरं वाक्य बोलताना माझ्या आवाजात चांगला पोक्तपणा होता.

चौथ्यांदा ती आली तेव्हा पाऊण वाजला होता. म्हणजे सैतानाची ऐन ड्यूटीची वेळ. मागे रांग होती. आजीनं खिडकीवर हात ठेवला. "बाबू, आज तरी लागन का रे माहा आंगठा?"

'उद्या या' हे शब्द जिभेवर तयार होते. बावीस वर्षांच्या सरावानं ते आपोआप येतात. पण का कोण जाणे, मला मास्तरांचा 'दिरंगाई' हा शब्द ऐकू आला. मी म्हटलं, "आत या आजी, बसा."

अंगठा लागला नाही. ओल्या रुमालानं पुसला, तरी नाही. साबणानं हात धुऊन आणले, नाही. दुसरा अंगठा, नाही. तर्जनी, नाही. रांगेतून आवाज आला, "अहो साहेब, आमचा नंबर का दिवाळीले येते का?" माझं मन पळालं: रांगेकडे, घड्याळाकडे, डब्यातल्या भाजीकडे. मी त्याला परत आणलं. हात धरून. आजीचं बोट आता माझ्या हातात होतं आणि मी ते पहिल्यांदाच नीट पाहत होतो. त्यावर रेषाच नव्हत्या. गुळगुळीत.

"कापूस येचून येचून झिजले बाप्पा," आजी म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे. आपण हवा सांगावी तसं.

डाव्या हाताची अनामिका लागली. यंत्रावर हिरवा दिवा आला. एकूण अकरा मिनिटं गेली. आजीचे पैसे मोजून दिले. ती दोन्ही हात माझ्या डोक्यावरून उतरवून कडाकडा बोटं मोडून निघून गेली.

संध्याकाळी फलाटावर बसून मी हिशेब मांडला. सवयच ती. 'उद्या या' म्हणायला तीन सेकंद लागतात. तीन वेळचे झाले नऊ. माझे नऊ सेकंद वाचावेत म्हणून त्या बाईनं तीन दिवस आणि तीन दिवसांचं एसटीचं जाण्यायेण्याचं भाडं खर्च केलं होतं. ही उधारी कुठल्या लेजरला लिहायची? आणि गंमत अशी, की तिन्ही वेळा मला वाटत होतं की मी फार सोसतो आहे!

मला आजवर वाटे की सहनशीलता ही मुदत ठेव आहे. आज कळ काढायची, मुदत भरली की व्याजासकट फळ. म्हणून तर फळ दिसलं नाही की मी मुदतीआधीच मोडत असे. मास्तरांनी सांगितलेली सहनशीलता निराळी. ती चालू खातं आहे. चालू खात्यावर व्याज मिळत नाही. ते रोजच्या व्यवहारासाठी असतं. समोर जो माणूस येईल त्याला त्यातून लगेच द्यायचं, संध्याकाळी शिल्लक पाहायची, सकाळी पुन्हा भरायचं. आणि मास्तरांचं ते बाकावर डोळे मिटून बसणं म्हणजे तो सकाळचा भरणा. मन शंभरदा परत आणायची सवय रिकाम्या फलाटावर झाली असेल, तरच भर काउंटरवर ते एकदा परत येतं.

इथे लेख संपवला तर माझ्याविषयी तुमचा फार चांगला ग्रह होईल. म्हणून पुढचंही सांगतो. दुसऱ्याच दिवशी सही जुळत नाही म्हणून मी एका संत्र्याच्या बागाईतदारावर असा ओरडलो, की साहेब केबिनबाहेर आले. बागाईतदार मात्र शांत. म्हणाला, "साहेब, आमच्या झाडाले चार-पाच वर्षं फळ नसते. मग बहार धरायचा तर पाणी तोडून ताण द्या लागते. सहीचं काय एवढं? पुन्हा करतो." त्यानं पुन्हा केली. जुळली.

संध्याकाळी मी मास्तरांपुढे कबुली दिली. स्वतःवर भयंकर चिडलो होतो. म्हटलं, एका दिवसात सगळी शिल्लक बुडवली.

"रागावल्याबद्दल रागावू नका," मास्तर म्हणाले. "फ्रान्सिसचा हा पहिला धडा आहे. सगळ्यांचं सोसायचं, पण सुरुवात स्वतःपासून. बँक उद्या दहाला पुन्हा उघडते ना?"

"उघडते."

"मग झालं तर."

तेवढ्यात पॅसेंजर चाळीस मिनिटं लेट असल्याचं कळलं. मास्तरांनी हात मांडीवर ठेवले. मीही ठेवले. डोळे मिटले. सिलिंडर आला, फी आली, साहेब आले, बागाईतदार आला. एकेकाला हात धरून बाहेर पोचवलं. समोरून एक सुपरफास्ट धडधडत निघून गेली, तरी मी डोळे उघडले नाहीत आणि घड्याळाकडे पाहिलं नाही.

म्हणजे, एकदाच पाहिलं.